मुलांच्या सुरक्षेचे कायदे: शाळांनो, या चुका टाळा

केंद्रप्रमुख म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळा फिरलो. निवृत्त झालो तरी त्याच चुका कानावर येतात, म्हणून लिहितो.

"आधी आपण चौकशी करू"

ही सगळ्यात घातक चूक. कापूस वेचणीचे दिवस होते. सहावीतल्या एका मुलीने बाईंना सांगितलं, शाळेच्या वाटेवर एक माणूस अंगाला हात लावतो. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना बोलावलं, अध्यक्षांनी सरपंचांना. पाच मोठ्या माणसांनी कार्यालयात बसवून त्या पोरीला तेच तेच विचारलं. "पोरीचं नाव खराब होईन, गावातल्या गावात मिटवून टाका," असं ठरलं. मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर पोरीने बोलणंच सोडलं होतं, आणि तो माणूस पारावर बसलेला.

2012 च्या पॉक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याचं, कलम 19 सांगतं, शंका आली तरी पोलिसांना कळवा. खरंखोटं ठरवणं शाळेचं काम नव्हे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. आईबाप ठाण्याला घाबरतात. त्यांना सांगा, जबाब घरी घेता येतो आणि पोलीस गणवेशात नसतात.

माझी सवय अशी: मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहायचं. पुन्हा विचारायचं नाही. त्याच दिवशी ठाण्यात कळवायचं. नवे मुख्याध्यापक आधी अर्जाचा नमुना मागतात. नमुना शोधण्यात दिवस जातो, फोन आधी करा.

बाकीच्या चुका

छडी बंद झाली म्हणजे कलम 17 पाळलं, असं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं ते कलम मानसिक छळालाही मनाई करतं. घरी कोलामी बोलणाऱ्या पोराला मराठी अडते म्हणून "ढ" म्हणणं मला छडीइतकंच लागतं.

सखी सावित्री समितीची, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या समितीची, वर्षभराची इतिवृत्तं एका दिवसात, एकाच पेनाने लिहू नका.

व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात. त्यांच्या सह्या घरी जाऊन आणू नका, त्यांना बैठकीला बोलवा. वेचणीच्या दिवसांत बैठक संध्याकाळी ठेवा.

1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहा.

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगू नका. चिठ्ठी कोण टाकतं हे तिथून सगळ्यांना दिसतं. मी ती मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावायला लावत असे, आणि किल्ली समितीतल्या एखाद्या आईकडे.