व्हायवाच्या आधी आरओएस बनवणारी एन्झाइम्स अशी करा

बायोकेमच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) पोरं आरओएस, म्हणजे रिॲक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज (ऑक्सिजनपासून होणारे चटकन रिॲक्ट करणारे रेणू), बनवणाऱ्या एन्झाइम्सची लिस्ट घडाघडा म्हणतात आणि पुढच्याच प्रश्नाला गप्प, म्हणून लिस्ट पाठ करूच नका. एक कागद घ्या, कोष्टक आखा आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारा, इलेक्ट्रॉन कुणाकडून घेतं, बनतं काय (सुपरऑक्साइड की हायड्रोजन पेरॉक्साइड), आणि ते बनवणं हेच त्याचं काम आहे की कामाच्या ओघात होतं. घडी घालून खिशात ठेवा, ठाण्याला ९-१० नंबरवर वाशी गाडीची वाट बघताना सुद्धा होऊन जातं.

सुरुवात नॉक्स२ (एनएडीपीएच ऑक्सिडेज) पासून. एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देतं, बनतं सुपरऑक्साइड, आणि हेच त्याचं काम. न्यूट्रोफिल (जंतू मारणारी पांढरी पेशी) शांत असताना याचे पार्ट सुटे असतात, जीपी९१ नि पी२२ मेम्ब्रेनमध्ये, पी४७, पी६७, पी४० सायटोसोलमध्ये, जंतू दिसला की पी४७ ला फॉस्फेट जोडलं जातं आणि रॅक या छोट्या प्रोटीनसकट सगळे मेम्ब्रेनपाशी जमतात. हे चित्र स्वतःच्या हाताने काढाच, नुसतं बघून राहत नाही. यात बिघाड म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, यात न्यूट्रोफिलना जंतू नीट मारता येत नाहीत. त्यासाठीच्या एनबीटी (नायट्रोब्लू टेट्राझोलियम) टेस्टमध्ये पिवळा डाय निरोगी न्यूट्रोफिलमध्ये निळा पडतो, पेशंटच्यात पडत नाही.

याच खानदानातलं ड्युऑक्स२ थायरॉइडमध्ये पेरॉक्साइड बनवतं, ते नसेल तर थायरॉइड पेरॉक्सिडेज आयोडीन जोडणार कसं? त्यामुळे आरओएस म्हणजे विषच, हे अँटिऑक्सिडंट विकणाऱ्या जाहिरातवाल्यांचं ज्ञान बाजूला ठेवा.

मग झँथिन ऑक्सिडेज. हायपोझँथिनचं झँथिन, झँथिनचं युरिक ॲसिड, आणि जाता जाता सुपरऑक्साइड नि पेरॉक्साइड दोन्ही. मूळ डिहायड्रोजनेज रूपात इलेक्ट्रॉन एनएडीला (एनएडीपीएचसारखाच इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू) जातात, ऑक्सिडेज झालं की ऑक्सिजनला, हा फरक हमखास विचारतात. गाउटवाल्यांची (युरिक ॲसिड वाढून सांधे दुखणाऱ्यांची) ॲलोप्युरिनॉल यालाच अडवते. मोनोअमाइन ऑक्सिडेजला एक ओळ पुरे: मायटोकॉन्ड्रियाचं बाहेरचं मेम्ब्रेन, पेरॉक्साइड.

आता खोड्या. एसओडी, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज (मॅककॉर्ड-फ्रिडोविच यांचा शोध, १९६९), सुपरऑक्साइड संपवतं पण त्यातूनच पेरॉक्साइड बनतं, म्हणून दोन्ही बाजूंनी विचारतात. न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेजचा कच्चा मालच पेरॉक्साइड, त्यात क्लोराइड आलं की हायपोक्लोरस ॲसिड. पू हिरवट दिसतो तो बऱ्याचदा याच्याच रंगाने, हे सांगितलं की एक्झामिनर जरा खूश होतो. वेळच नसेल तर नॉक्स२ आणि झँथिन ऑक्सिडेज नीट करा, बाकीच्यांच्या एकेक ओळी गाडीत.