जांभ्यापासून क्षारपडीपर्यंत: कोल्हापूरच्या मातीतून रंग आणि चित्र

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले की मातीचा रंग वाटेतच बदलत जातो. गगनबावड्याकडे वर्षाला 5000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथे जांभ्याची, म्हणजे जांभा या सच्छिद्र खडकापासून झालेली, तांबडी माती आहे. पंचगंगेकाठच्या मळीत, म्हणजे नदीलगतच्या सुपीक जमिनीत, गाळाची करडी माती लागते. आणि शिरोळकडे, जिथे पाऊस याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका, तिथे ती काळी होते. मुसळधार पावसाने खडकातील चुना आणि सिलिका वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरते, आणि त्या लोहाच्या गंजाचा रंग म्हणजेच जांभ्याचा तांबडा रंग. याच ॲल्युमिनियममुळे राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगडकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर, बॉक्साइटच्या (ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या) खाणी आल्या. म्हणून या मातीने चित्र काढायचे असेल, तर आधी आपल्याला कोणता बदल दाखवायचा आहे ते ठरवावे आणि मग त्याच जागेची माती आणावी. दुकानातील गेरू किंवा हुरमुंजी ही तांबडी माती रंग म्हणून उत्तम असते, पण ती कुठल्या डोंगरातून आली हे आपल्याला ठाऊक नसते, आणि या कामात ते ठाऊक असणे हेच महत्त्वाचे आहे.

माती आणताना परवानगी घ्यावी. राधानगरी अभयारण्यातून, पन्हाळगडावरून किंवा कोणत्याही संरक्षित वास्तूच्या आवारातून चिमूटभरही माती उचलू नये. शेताच्या बांधावरून, विहिरीच्या उपशातून, रस्तारुंदीकरणात कापलेल्या दरडीच्या पायथ्यापासून किंवा घराचा पाया खणताना निघालेल्या ढिगातून मूठभर माती पुरते, कारण अर्ध्या किलोतून अनेक चित्रांचा रंग निघतो. कारखान्याच्या सांडपाण्याच्या ओढ्याजवळची माती घेऊ नये. प्रत्येक पिशवीवर जागा, तारीख, किती खोलीवरून घेतली आणि जमीन कोणाची, हे तिथेच उभे राहून लिहावे. घरी आल्यावर सगळ्या तपकिरी पिशव्या सारख्याच दिसतात.

रंग तयार करण्याचा सगळा जीव धुण्यात आहे. माती सावलीत वाळवून मुळ्या आणि खडे वेचावेत, खलबत्त्यात कुटावी आणि तांब्याभर माती बादलीभर पाण्यात ढवळावी. वीस-तीस अंक मोजेपर्यंत थांबले की वाळू तळाशी बसते. मग वरचे गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि तळाची वाळू बाजूला ठेवावी. हेच दोन-तीन वेळा करून शेवटचे पाणी सुती कापडातून गाळावे आणि दिवसभर निवळू द्यावे. जांभ्याची माती एका रात्रीत बसते. काळी माती मात्र दोन-तीन दिवस तरंगत राहते, कारण तिचे कण फार बारीक असतात आणि पाणी शोषून फुगतात. तिला तुरटी फिरवता येते, जशी पावसाळ्यात गढूळ पाण्याला फिरवतात, पण तुरटीची आम्लता कागदाला बाधते, म्हणून नंतर साध्या पाण्याने आणखी दोनदा धुवावे. वरचे नितळ पाणी काढून खालचा लगदा ताटात वाळवला की पापुद्रे सुटतात, आणि तोच आपला रंग. पापुद्रे पुन्हा खलायचे असतील तर थोडे ओले करूनच खलावेत. कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नये आणि तोंडावर फडके बांधावे.

पिवळसर माती मिळाली तर तिचा अर्धा भाग लोखंडी तव्यावर, अंगणात, मंद आचेवर भाजून पाहावा. साधारण 300 अंश सेल्सिअसला पिवळ्या लोहसंयुगातले पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. वीटभट्टीत घडते ते याहून कितीतरी जास्त आचेवर, पण तांबड्याचे मूळ तेच असते. नदीकाठच्या मळीची पोयट्याची माती विटांसाठी उचलली जाते, आणि त्याच मळीची कच्ची माती आणि भाजलेल्या विटेची पूड एकाच चित्रात शेजारी लावली की शेत आणि शहर एकाच मातीचे आहेत हे कोणत्याही मथळ्याशिवाय दिसते.

रंग बांधण्यासाठी बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक घ्यावा. एक भाग डिंकाची पूड दोन भाग गरम पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावी, रंगाचा थर तडकू नये म्हणून त्यात थेंबभर मध आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एक थेंब घालावा. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर रंग आणि डिंकाचे पाणी समसमान घेऊन वरवंट्याने करकर थांबेपर्यंत घोटावे. मग कागदाच्या तुकड्यावर पट्टा ओढावा आणि वाळल्यावर अंगठा फिरवावा: अंगठ्याला रंग लागला तर डिंक कमी आहे, पट्टा चकाकला किंवा तडकला तर जास्त आहे. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, असावा, कारण मातीच्या रंगाने पातळ कागद ओढला जाऊन सुरकुततो.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर, जिथे 43 फूट ही धोक्याची पातळी आहे, पाणी 55 फुटांवर गेले होते. पाणी ओसरल्यावर चिखलीकडच्या मावशीचे घर साफ करायला आम्ही गेलो, तेव्हा जमिनीवरचा गाळ खरबरीत होता आणि भिंतीतल्या कोनाड्यातला गाळ लोण्यासारखा मऊ होता. कोनाड्यात पाणी संथ साचून राहिले होते, त्यामुळे बारीक कण तिथे बसले आणि वाळू खालीच राहिली. जे मी बादलीत तीन वेळा ओतून करते, ते नदीने तिच्या देवघराच्या कोनाड्यात एका आठवड्यात केले होते. तो गाळ मी डबीत भरून आणला, उन्हात कडक वाळवला आणि हातमोजे घालूनच धुतला, कारण पुराच्या गाळात सांडपाणी मिसळलेले असते. त्याचा रंग करडा आहे, वाळला की राखेसारखा फिकट पडतो. त्याने मी मावशीच्या घराची फक्त भिंत काढली आणि पाण्याची रेष ज्या उंचीवर होती तिथेच रंग थांबवला. वरचा कागद कोरा ठेवला. तुम्हीही घरातल्या पुराच्या खुणेने सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. मोठ्या निसर्गदृश्याआधी एक रेष पुरेशी असते.

शिरोळकडची क्षारपड माती वेगळी वागते. अतिपाण्यावर वर्षानुवर्षे ऊस घेतलेल्या आणि निचरा नसलेल्या जमिनीत भूजल वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे फुटतात. ही माती न धुता वापरली तर चित्रावरही तेच घडते: दमट दिवसांनंतर काळ्या रंगावर दंवासारखे बारीक पांढरे कण उगवतात. टिकाऊ रंग हवा असेल तर पाणी जिभेला खारट लागेनासे होईपर्यंत धुवावी असे जुने लोक सांगतील, पण जीभ लावू नये. ती चार-पाच वेळा पाणी बदलून धुवावी आणि शेवटच्या पाण्याचे दोन थेंब काचेवर वाळवून पांढरा डाग उरतो का ते पाहावे. मी मात्र एका चित्रात मुद्दाम अर्धी माती धुतली आणि अर्धी तशीच ठेवली. पहिल्याच पावसाळ्यात न धुतलेल्या अर्ध्या भागावर क्षार पांढरे फुटले, आणि माझ्या हाताने काढता आले नसते असे शेत तिथे तयार झाले. असे चित्र काचेखाली लावताना मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा सोडावी, नाहीतर क्षार काचेला चिकटतात.

याच कोल्हापूर शहरात चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि पंचगंगेचा काठ रंगवला. त्या चित्रांसमोर उभे राहिले की पाण्याची कड तेव्हा कुठे होती हे डोळ्यांनी मोजता येते. म्हणून आपल्या चित्रातही जागा ओळखू येईल इतपत रेखाटन असावे, निव्वळ रंगांचे डाग नसावेत.

चित्राच्या पाठीमागे पिशवीवरची नोंद जशीच्या तशी उतरवावी आणि कोणती माती धुतली, कोणती भाजली तेही लिहावे. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात किंवा आणखी कुठे ते लावण्याआधी ज्यांच्या बांधावरून माती आणली त्यांना दाखवावे. शिरोळच्या एका काकांनी माझे चित्र हातात घेऊन खिडकीपाशी नेले आणि सांगितले की हा काळा रंग त्यांच्या खालच्या वावराचा नाही, वरच्या वावराचा आहे. मी पिशवी तपासली, ते बरोबर होते, आणि पाठीमागची नोंद मी त्यांच्यासमोर दुरुस्त केली.