छोटी क्रॉसओव्हर एसयूव्ही: मालकांचं समाधान कसं वाचावं आणि गाडीचा भरवसा कसा तपासावा

मालक खूश असणं वेगळं आणि गाडी भरवशाची असणं वेगळं. छोट्या क्रॉसओव्हर एसयूव्हीत, म्हणजे कारच्याच सांगाड्यावर बांधलेल्या उंच गाडीत, उंच बसायला मिळतं, स्टिअरिंग हलकं आहे, समोर मोठी स्क्रीन आहे. पहिल्या वर्षी बहुतेक सगळेच खूश असतात. गिअरबॉक्स कसा आहे ते पाचव्या वर्षी कळतं. जे. डी. पॉवर ही सर्वेक्षण संस्थाही यासाठी वेगवेगळे अभ्यास करते: नव्या गाडीच्या तक्रारी पहिल्या ९० दिवसांनंतर विचारते, गाडी किती आवडली हे निराळं विचारते आणि टिकाऊपणा ३ वर्षं जुन्या गाड्यांवर मोजते. मोजमाप असतं दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी. त्यात ब्लूटूथ तुटणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स निकामी होणं हीही एकच तक्रार. म्हणून नुसता आकडा पाहून गाडी ठरवू नका.

आधी मालकांच्या तक्रारींची वर्गवारी करा. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात गाडी रस्त्यात उभी करणारे बिघाड: इंजिन, गिअरबॉक्स, कूलिंग. दुसऱ्यात खिशाला चाट लावणारे, पण गाडी चालू ठेवणारे: एसी कॉम्प्रेसर, सस्पेन्शन, सेन्सर. तिसऱ्यात नुसता वैताग: स्क्रीन अडकणं, डॅशबोर्डची खडखड. प्रत्येक तक्रारीपुढे इंजिन, गिअरबॉक्स, कोणत्या वर्षीची गाडी आणि किती किलोमीटरला बिघाड झाला हे लिहा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण भरवसा मॉडेलच्या नावात नसतो, इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीत असतो. एकाच मॉडेलची मॅन्युअल निर्धोक चालते आणि ऑटोमॅटिक मालकाला रडवते, असं सर्रास होतं. एकच बिघाड अनेकांना जवळपास सारख्याच किलोमीटरला आला असेल, तर दोष चालवण्यात नाही, रचनेत आहे. पहिला रकाना जिथे जवळजवळ रिकामा आहे ती जोडी निवडा, तिसरा भरलेला असला तरी.

मग स्वतःचा वापर तपासा. रोज पाच-सहा किलोमीटरच जायचं असेल तर डिझेल नको. धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ते गाठण्याआधीच गाडी बंद झाली की फिल्टर तुंबतो आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. थेट इंधन फवारणीच्या टर्बो पेट्रोललाही छोट्या फेऱ्या मानवत नाहीत. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि कार्बन साचतो. कोंडीत सतत रखडणार असाल तर ड्राय क्लचच्या (ऑइलमध्ये न बुडालेल्या) ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपासून लांब राहा, कारण रांगताना क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो.

जुनी गाडी घेणार असाल तर ती थंड असतानाच पाहा. मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे आणि नाकाशी धरल्यावर इंधनाचा वास येतोय, तर ऑइल पातळ झालंय. काही तीन सिलिंडर इंजिनांचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) ऑइलमध्येच फिरतो. त्यात तर हे फारच वाईट: इंधनमिश्रित ऑइलने बेल्टचं रबर फुगतं, त्याचे कण सुटतात, ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. अशा इंजिनाला कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं ऑइल घातल्याची बिलं मागा. बिलं नसतील तर ती गाडी सोडा.

आता इंजिन सुरू करा. काही इंजिनांत टायमिंग बेल्टऐवजी चेन असते. तिचा एखादा सेकंद आवाज येऊन थांबला तर ठीक. खळखळ चालूच राहिली तर चेन सैल पडली आहे किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळतंय, आणि मग व्यवहार तिथेच थांबवा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या बिघाडांच्या नोंदी वाचणारं यंत्र) लावा. नुसते फॉल्ट कोड पाहू नका, गाडी स्वतःच्या करते त्या स्वयंतपासण्या पूर्ण आहेत का तेही पाहा. कोड शून्य आणि बहुतेक तपासण्या अपूर्ण, याचा अर्थ कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. मालकाला चार-सहा दिवस नेहमीसारखी गाडी चालवू द्या आणि पुन्हा स्कॅन करा.

किमान अर्धा तास चालवा. गिअरबॉक्सचे दोष तापल्यावरच दिसतात. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर २० ते ६०च्या वेगात ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबा. कच्च्या रस्त्यावर गेल्यासारखी थरथर जाणवली तर गिअरबॉक्सचं ऑइल खराब झालंय किंवा आत झीज आहे. ‘आयुष्यभराचं ऑइल’ या शब्दांवर विसंबू नका, सीव्हीटीचं ऑइल ५०-६० हजार किलोमीटरला बदललेलं बरं. इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी ड्राइव्ह असेल तर मोकळ्या कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. टक-टक आवाज बहुधा पुढच्या ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा असतो. मागून धक्के बसत असतील तर मागच्या कपलिंगचं (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागाचं) ऑइल कधी बदललं ते विचारा आणि चारही टायरच्या खाचांची खोली मोजा. २-३ मिमीपेक्षा जास्त फरक असला की चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि कपलिंग सतत ताणाखाली राहतं. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे त्याचं वय सांगतात: २३२० म्हणजे २०२० सालचा २३वा आठवडा.

गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, जुन्या बिलांत काहीही लिहिलेलं असो. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, ते दर २ वर्षांनी बदला. स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-सुरू करणारी सोय) असलेल्या गाडीत साधी बॅटरी बसवू नका. ती लवकर मरते आणि व्होल्टेज पडलं की डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले दहा दिवे लागतात. म्हणून असे दिवे एकदम लागले तर एखादा महागडा कंट्रोल युनिट बदलण्याआधी, गाडी रात्रभर उभी ठेवून बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी चार्ज आहे, १२.२च्या खाली असेल तर आधी तिच्याकडे बघा.