ताईच्या लग्नाच्या डीव्हीडी आणि त्या दातेरी रेषा

ताईच्या लग्नाच्या चार डीव्हीडी कपाटात पडून होत्या. एकीवर बुरशीचे ठिपके दिसले तेव्हा जाग आली. डिस्कवरच्या चित्रणाच्या कॉम्प्युटर फाइल करायला हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर उतरवलं, आहे त्याच सेटिंगवर पहिली डिस्क लावली आणि घाई नडली. सप्तपदीत ताई चालायला लागली की शालूच्या काठाला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा!

आधी वाटलं डिस्कच गेली. पण माणसं स्थिर असली की चित्र स्वच्छ. म्हणजे भानगड इंटरलेसिंगची. आपल्याकडच्या पाल (टीव्ही-चित्राची आपल्याकडची पद्धत) डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फील्डची: विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी पुढच्या. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेसला 'बॉब' निवडलं, म्हणजे प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम, म्हणून फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) ५० केला. रेषा गेल्या, हालचालही पूर्वीसारखी सुळसुळीत.

रेझोल्यूशन वाढवायच्या मोहात पडू नका. मी ५७६ ओळींचं १०८० करून पाहिलं. फाइल फुगली, चेहरे तेवढेच धूसर. व्हिडिओ दाबायची पद्धत एच-२६४ आणि क्वालिटीचा आकडा, म्हणजे आरएफ, १९ ठेवला. आकडा जितका लहान, तितकी फाइल मोठी. मंगलाष्टकांच्या वेळच्या उडत्या अक्षता २४ वर नुसत्या चिखल झाल्या होत्या. आवाज मूळचाच, पासथ्रू, म्हणजे न बदलता जसाच्या तसा.

पूर्ण डिस्क लावण्याआधी अक्षतांचा एक मिनिटाचा तुकडा करून बघा, तासभर वाचतो. बुरशीवाली डिस्क मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे पुसली, चालली. गोल गोल पुसू नका. मूळ डिस्का अजून टाकलेल्या नाहीत, आई टाकू देत नाही.