एक्सपीवरचा जुना संगणक विंडोज १० पर्यंत चढवण्यापूर्वीची तयारी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्क करणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक आजही आढळतो. त्यावर डॉसच्या फॉक्सप्रोमध्ये कोणीतरी लिहून दिलेला बिलांचा प्रोग्रॅम असतो, स्टोअरचा साठा ठेवणारा व्हिज्युअल बेसिकमधला दुसरा प्रोग्रॅम असतो, मराठी पत्रव्यवहाराचे पॅकेज हार्डवेअर लॉकवर (पोर्टात लावायच्या परवान्याच्या छोट्या किल्लीवर) चालते आणि मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टातून एक केबल थेट सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनकडे गेलेली असते. कचेरीत नवा संगणक आला की अडचण सुरू होते, कारण फाइल शेअरिंगसाठी एक्सपीला एसएमबी या नेटवर्क पद्धतीची पहिली आवृत्तीच समजते आणि विंडोज १० च्या २०१७ अखेरच्या आवृत्तीपासून ती मुळात बसवलेली नसते. मग जुन्या संगणकाला एक्सपी, व्हिस्टा, ७, १० असे पायरीपायरीने वर नेण्याचा विचार होतो.

त्याआधी पायऱ्या चढण्याची खरोखर गरज आहे का, ते ठरवावे. सर्व प्रोग्रॅमच्या सीडी, सिरियल नंबर आणि लॉक हाताशी असतील, तर डेटा बाहेर काढून, डिस्क फॉरमॅट करून थेट शेवटची प्रणाली टाकणे केव्हाही चांगले. जे पुन्हा बसवता येणारच नाही, म्हणजे ज्याची सीडी हरवली आहे किंवा ज्याचा प्रोग्रॅमर गाव सोडून गेला आहे, तेवढ्यासाठीच एकावर एक प्रणाली चढवण्याचा खटाटोप करावा. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमपुढे ‘पुन्हा बसेल’ किंवा ‘बसणार नाही’ असे वहीत लिहावे. दुसऱ्या रकान्यात काहीच आले नाही, तर पुढचा बराचसा मजकूर सोडून दिला तरी चालेल.

कुठे थांबायचे हेही आधीच ठरवावे. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येते आणि टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागते, त्यामुळे या वयाच्या यंत्राबाबत तो प्रश्न उरत नाही. विंडोज १० मात्र ३२ बिटांतही आहे आणि आपल्याला तेच हवे, कारण डॉसचे प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. शिवाय ३२ वरून ६४ बिटांवर जाताना प्रोग्रॅम जागच्या जागी राखून अपग्रेड करता येत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने जीएसटीचे विवरणपत्र आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्या संगणकावरच करावेत. नेटची जोडणी कायमची काढून ठेवणार असाल, तर विंडोज ७ वर थांबण्यातही मला गैर वाटत नाही.

यंत्राची तपासणी झाकण उघडून करावी. मदरबोर्डावरील कपॅसिटरांची डोकी फुगलेली असतील, तर तो बोर्ड या कामात टाकू नये. तारीख मागे जात असेल तर नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल बदलावा. रॅम किमान २ जीबी करावी. सुरुवातीच्या पेंटियम ४ प्रोसेसरांत एनएक्स (डेटाच्या जागेतून प्रोग्रॅम चालू न देणारी) ही सोय नाही आणि विंडोज ८ पासून ती सक्तीची आहे, त्यामुळे अशा प्रोसेसरची धाव ७ पर्यंतच. हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद, पाहावा आणि त्यात बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढलेली दिसली, तर आधी डिस्क बदलावी. एसएसडी (चिपांवर साठवणारी डिस्क) बसवताना एक बारीक गोष्ट सुटते. एक्सपीने केलेले पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते, व्हिस्टापासून पुढे ते २०४८ व्या सेक्टरपासून असते, आणि अपग्रेड करताना जुनी सुरुवात तशीच राहते. एसएसडीवर त्याने लिहिण्याचा वेग घटतो, म्हणून जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करतानाच जीपार्टेड या प्रोग्रॅममधून पार्टिशन योग्य जागी सरकवावे आणि ‘सी’ ड्राइव्ह त्याच वेळी मोठा करून घ्यावा, कारण व्हिस्टासाठी १५ आणि ७ साठी १६ जीबी जागा मोकळी लागते. बायोसमध्ये डिस्क आयडीई पद्धतीवर असेल तर चढाई पूर्ण होईपर्यंत ती तशीच ठेवावी. मध्येच ती एएचसीआय या नव्या पद्धतीवर नेल्यास निळ्या पडद्याशिवाय काही दिसणार नाही.

आता संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यावी. ज्या बाहेरच्या डिस्कवर ती घ्यायची ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. डिस्क२व्हीएचडी हा प्रोग्रॅम वापरल्यास तीच प्रत पुढे व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आतल्या आभासी संगणकात) उघडून पाहता येते. दुसरी प्रत वेगळ्या वस्तीत आणि वरच्या मजल्यावर ठेवावी; २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात याचे कारण कोणाला सांगायला नको.

सर्वाधिक घोटाळा डेटाच्या जागेवरून होतो. साठ्याचा तो प्रोग्रॅम आपली फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या स्वतःच्याच फोल्डरात लिहीत असतो. व्हिस्टापासून सामान्य अधिकाराने चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला तिथे लिहू दिले जात नाही. विंडोज ते लेखन गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ फोल्डरात वळवते. परिणामी सकाळी स्टोअरकीपरने भरलेली आवक दुपारी अकाउंटंटच्या लॉगिनमध्ये दिसतच नाही आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात! म्हणून डेटाचे फोल्डर एक्सपीवर असतानाच ‘डी’ ड्राइव्हवर न्यावे, प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये नवा मार्ग द्यावा आणि काही दिवस तसेच काम करून पाहावे.

मेल आउटलुक एक्सप्रेसमध्ये असेल, तर व्हिस्टात ती विंडोज मेलमध्ये येते; विंडोज ७ मध्ये मात्र असा कोणताच प्रोग्रॅम सोबत नसतो, म्हणून ती व्हिस्टाच्या पायरीवरच बाहेर काढावी. मराठी पत्रे युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये असतील तर फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात, त्यामुळे फॉन्टच्या फाइली वेगळ्या जपाव्यात आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ आत्ताच करावी.

ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजकडून चालवून घेणारे प्रोग्रॅम) दुसऱ्या संगणकावरून उतरवून ठेवावेत, कारण एक्सपीच्या ब्राउझरमध्ये आजची बहुतेक संकेतस्थळे उघडतच नाहीत. हार्डवेअर लॉकचा ३२ बिटांचा ड्रायव्हर प्रत्येक पायरीसाठी मिळतो का, हे सर्वांत आधी पाहावे. तो ज्या पायरीवर मिळत नाही, तिच्या अलीकडेच आपला मुक्काम. बोर्डावर सिरियल पोर्ट असेपर्यंत सीएनसीची केबल तिथेच राहू द्यावी. यूएसबी कन्व्हर्टर घ्यावाच लागला तर त्यातील चिप पाहून घ्यावा. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपला विंडोज ८ पासूनचा नवा ड्रायव्हर ‘कोड १०’ दाखवून नकार देतो.

एक्सपीवरून ७ वर प्रोग्रॅमसह थेट जाता येत नाही, मधली व्हिस्टा चुकत नाही. ७ वरून १० वर मात्र थेट उडी मारता येते. एक्सपी प्रोफेशनलपासून व्हिस्टा बिझनेस, ७ प्रोफेशनल आणि १० प्रो अशी सरळ रेषा धरावी आणि भाषा सगळीकडे एकच ठेवावी. निघण्यापूर्वी एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३, व्हिस्टावर किमान १ आणि ७ वर १ हवा. प्रत्येक पायरीचा परवाना स्वतंत्र लागतो. ७ च्या परवाना-कीवर १० सक्रिय करण्याची जुनी वाट २०२३ मध्ये बंद झाली. सेटअप चालू विंडोजच्या आतूनच सुरू करावा, डीव्हीडीवरून बूट केल्यास अपग्रेडचा पर्याय मिळत नाही. त्यापूर्वी अँटिव्हायरस पूर्ण काढून टाकावा.

काम साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, बॅटरी तपासलेल्या यूपीएसवर सुरू करावे. पावसाळ्यात तर त्याशिवाय हात लावू नये. प्रत्येक पायरीनंतर एक बिल छापावे, साठ्याची एक नोंद दोन्ही लॉगिनमधून पाहावी, लॉक काढून-लावून मराठी पत्र उघडावे आणि सीएनसीकडे एक छोटा प्रोग्रॅम पाठवावा. डॉसचा प्रोग्रॅम नव्या डिस्प्ले ड्रायव्हरवर पूर्ण पडदा व्यापत नाही, लहान चौकटीतच दिसतो, हे बिल करणाऱ्याला आधी सांगून ठेवावे. सर्व ठीक निघाले की नवी इमेज घ्यावी आणि मगच पुढची डीव्हीडी हातात धरावी.

विंडोज १० वर पोहोचल्यावर मागे फिरण्याची सोय साधारण १० दिवसच असते आणि डिस्क क्लीनअपने ‘विंडोज.ओल्ड’ पुसले की तीही जाते. एक्सपीची मूळ इमेज मात्र एक महिनाअखेर आणि एक आर्थिक वर्षअखेर या संगणकावर सुरळीत पार पडेपर्यंत पुसू नये, कारण वर्षाची बाकी पुढे ओढण्याचा पर्याय मार्चअखेरीपर्यंत कोणी वापरतच नाही.