शिवणकामाची मासिके विकत घेताना या चुका टाळा

हौसेने शिवणाऱ्यांच्या घरी न वापरलेल्या मासिकांचा गठ्ठा साठतो, तो बहुधा मुखपृष्ठ पाहून केलेल्या खरेदीमुळे. छायाचित्रातील कपडा सोयीच्या प्रकाशात, सोयीच्या कोनातून टिपलेला असतो. शिवाय दाट नक्षीच्या कापडावर टक्स (आकारासाठी घातलेल्या चिमट्या), योक (खांद्याजवळ वेगळा जोडलेला भाग) आणि जोड दिसतच नाहीत. म्हणून अंक हाती आल्यावर आधी आतील रेखाचित्रे पाहावीत. वेगवेगळे वाटणारे चार टॉप प्रत्यक्षात एकाच पॅटर्नचे (कापड कापण्यासाठीच्या कागदी नमुन्याचे), केवळ बाही किंवा लांबी बदललेले प्रकार आहेत, हे तेथेच उघड होते. शिवावेसे वाटतील असे निदान दोन पॅटर्न सापडले नाहीत, तर अंक खुशाल परत ठेवावा.

मासिक कशासाठी हवे, हे न ठरवणे ही दुसरी चूक होय. 1950 मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या ‘बुर्डा’च्या अंकासोबत पॅटर्नशीट, म्हणजे पॅटर्न छापलेला कागद, येते, तर 1985 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘थ्रेड्स’चा भर तंत्रावर राहिला. झिप नीट बसत नसेल, तर नव्या पॅटर्नांनी ती अडचण सुटत नाही.

नेहमीच्या तयार कपड्याचा साइज गृहीत धरू नये. बुर्डाचा 38 साइज 88 सेंटीमीटर छातीसाठी असतो आणि त्यांचे नेहमीचे साइज 168 सेंटीमीटर उंची धरून आखलेले असतात. उंची कमी असल्यास कंबरेची रेषा खाली उतरते, आणि तो दोष शिलाईचा नसतो.

पॅटर्नप्रमाणे शिवूनही कपडा घट्ट झाला, तर शिलाईची माया, म्हणजे जोडासाठी कडेला सोडलेले जादा कापड, तपासावी. अनेक मासिकांच्या पॅटर्नमध्ये ती धरलेली नसते. दोन्ही बाजूंच्या जोडांना मिळून कापडाच्या चार कडा येतात. प्रत्येकीला दीड सेंटीमीटर माया सोडायची राहिली, तर घेर सहा सेंटीमीटरने कमी होतो.

जुना अंक घेताना पॅटर्नशीट उघडून पाहावी. एकाच कागदावर अनेक पॅटर्न एकमेकांवर छापलेले असल्यामुळे आधीच्या मालकाने एखादा तुकडा कापून घेतला असेल, तर त्याबरोबर इतर पॅटर्नही निकामी झालेले असतात. शीट शाबूत असूनही रेषांच्या जंजाळात आपली रेषा हरवत असेल, तर आपल्या साइजची रेषा आधी रंगीत पेन्सिलीने गिरवावी, मग पातळ कागदावर उतरवावी आणि कापडाच्या उभ्या धाग्याची खूण व तुकडे जुळवण्याच्या खाचा त्याच वेळी टिपून घ्याव्यात.