अंगणातल्या पक्ष्यांचं व्हिडिओ शूटिंग : या चुका टाळा

नवा व्हिडिओ कॅमेरा हातात आला की परसातला प्रत्येक पक्षी आपल्यासाठीच येऊन बसलाय असं वाटायला लागतं. पहिल्याच रविवारी मी ४३ क्लिप्स घेतल्या. रात्री टीव्हीला जोडून घरच्यांना दाखवायला बसलो, तर पाचव्या क्लिपला आई म्हणाली, “अरे, पानं मी रोजच बघते. पाखरू कुठाय?” पक्षी भुर्रकन उडून गेलेला आणि मागे हलणारी फांदी, एवढंच काय ते आलं होतं. फोकसच लागत नाही म्हणून कॅमेरा दुकानात परत न्यायच्या बेतात होतो. बरं झालं नेला नाही.

पक्ष्यामागे कॅमेरा पळवणे

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि निम्म्या तक्रारी हिच्याच पोटातून निघतात. पक्षी दिसला, कॅमेरा उचलला, झूम केला, फ्रेममध्ये शोधला, बटण दाबलं, तोवर तो शेजारच्यांच्या पेरूवर.

त्यापेक्षा दोन दिवस कॅमेरा कपाटात ठेवा आणि नुसते चहाचा कप घेऊन बसा. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर परत येतो. कोतवालाचंही तसंच. दयाळाची गाण्याची जागा ठरलेली असते. आमच्याकडचा गच्चीवरच्या अँटेनाच्या जुन्या दांडीवरून हलत नाही. शेवगा फुलला की शिंजीर दिवसभरात कितीतरी फेऱ्या मारतो. म्हणजे आपण फांदी पकडायची, पक्षी आपोआप येतो.

मी काय करतो ते सांगतो. ठरलेल्या फांदीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून फ्रेम थोडी सैल ठेवतो, पक्ष्याच्या तोंडासमोर जरा जास्त जागा सोडतो. मग स्क्रीनवरचं चित्र मोठं करून चिमट्यावर फोकस घेतो आणि फोकस मॅन्युअल करून टाकतो. चिमटा काढायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि घरात निघून जायचं. (चिमटा काढायला एकदा विसरलो. त्या क्लिपमध्ये बुलबुल निळ्या चिमट्याशी भांडताना दिसतो, आणि घरात सगळ्यांना तीच आवडते.)

ऑटो-फोकस पक्ष्याऐवजी पानं धरतो, कारण पुढचं पान जवळ असतं आणि त्याची कड ठळक असते. मॅन्युअलची भीती वाटत असेल तर निदान फोकसचा चौकोन सगळ्यात लहान करून मधोमध ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत प्री-रेकॉर्डिंगची सोय असते, म्हणजे बटण दाबायच्या आधीचे काही सेकंदही साठवले जातात. मेनूत शोधाच. पक्षी येऊन बसल्याचा क्षण हातून निसटत नाही.

काळा ठिपका आणि जळालेला पांढरा

तारेवरचा पक्षी मागच्या आभाळामुळे नुसती काळी सावली दिसतो. कॅमेरा सगळ्या फ्रेमचा उजेड बघून ठरवतो आणि आभाळ मोठं असल्यामुळे चित्र गडद करतो. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, एक-दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आभाळ पांढरं पडलं तर पडू दे. दयाळ गर्द सावलीत बसला की उलटा घोटाळा होतो : चित्र उजळतं आणि त्याच्या पंखावरचा पांढरा पट्टा चुन्यासारखा सपाट होतो. तिथे कमी करा. झेब्रा पट्ट्यांची सोय (चित्राच्या अति उजळ भागावर स्क्रीनवर तिरके पट्टे दाखवणारी) असेल तर ती चालू ठेवा, कुठे जळतंय ते लगेच कळतं.

शिंजीर हे वेगळंच प्रकरण आहे. नराचा जांभळा-निळा झळाळ पिसांच्या रचनेतून, प्रकाशाच्या कोनावर उमटतो. सूर्य त्याच्या पाठीमागे असला तर तो कोळशाचा तुकडा दिसेल. सूर्य आपल्या पाठीशी घ्या, सकाळी सात ते नऊच्या उन्हात, आणि मग बघा. विणीचा हंगाम सरल्यावर मात्र तोच नर मादीसारखा मळकट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक गडद रेघ उरते. तेव्हा ‘रंग येत नाहीत’ म्हणून सेटिंग बदलत बसू नका.

चित्र लुकलुकतं, धडधडतं

व्हरांड्यात ट्यूबलाइट लावून शूटिंग केलं आणि चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश किती वेळ आत येतो ते, तपासा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं आणि फ्रेम-रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ किंवा ५०. भाच्याने अमेरिकेहून आणलेला कॅमेरा ३० किंवा ६० वर लावलेला असतो. काहींत मेनूतून ‘पाल’ (आपल्याकडची २५/५० ची पद्धत) निवडता येतं, काहींत येतच नाही; विकत आणायला सांगण्याआधीच विचारून घ्या. भर उन्हात ऑटो शटर १/१००० च्या पुढे गेलं की साळुंकीची चाल तुटक दिसते. तिथे लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून शटर खाली आणावं.

डिजिटल झूम बंद करून टाका; तो चित्र नुसतं ताणून मोठं करतो. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कार्ड स्वस्तातलं घेतलं तर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. व्ही३० खूण असलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहू शकतं, घरगुती फोर-केला तेवढं सहसा पुरतं. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा एमबी) शूट केलं तर ६४ जीबीच्या कार्डावर साधारण ८५ मिनिटं मावतात. आवाजाचं म्हणाल, तर मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या यांचं वेळापत्रक घरात आधी ठरवून घ्या, आणि माइकला फोमची टोपी घाला. वारा आपल्या कानाला जाणवत नाही इतका असला तरी माइकला जाणवतो.

घरट्याच्या नादी लागणे

गेल्या वर्षी कढीपत्त्यात बुलबुलाने घरटं केलं. नीट दिसावं म्हणून मी दोनच डहाळ्या बाजूला बांधल्या. तिसऱ्या दिवशी कावळ्याने अंडी नेली. त्या डहाळ्यांचाच तर आडोसा होता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत येतं, हे मला नंतर कळलं. मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला जवळ बोलावणंही विणीच्या दिवसांत नकोच. दुसरा नर हद्दीत घुसला असं समजून तो चारा सोडून भांडायला येतो.

यंदा त्याच झाडात पुन्हा काड्या पडायला लागल्यात. ट्रायपॉड स्वयंपाकघरात, खिडकीच्या आत लावलाय. काच बाहेरून पुसली, लेन्स काचेला जवळजवळ टेकवली आणि प्रतिबिंब येऊ नये म्हणून आतला दिवा बंद ठेवलाय. आई अंधारात पोळ्या लाटते आणि मला ऐकवते.